चौदा नंबरची सामाईक भिंत

"मॅडम, केस धुवायची पाळी आज आमच्या खोलीची होती. आणि सासूबाईंनी सकाळी सकाळीच पिवळा दिवा लावलाय. म्हणजे काल कुणीतरी चोरून धुतले!"

बारा नंबरच्या प्रांजलने खांद्यावर टॉवेल टाकून तक्रार केली, तेव्हा शाल्मली कडेवरच्या निहारचा श्वास मोजत होती. तिने हातानेच 'थांब' म्हटलं. घड्याळाचा काटा एक फेरा पुरा करेपर्यंत प्रांजल तोंड फुगवून उभी राहिली. छत्तीस. आठ महिन्यांच्या बाळाचे पन्नासच्या आत असले की ठीक, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शाल्मलीने सुटकेचा श्वास सोडला आणि मग बोर्डाकडे पाहिलं.

"उद्या धुवा. आज तेल लावून वेणी घाला."

"तेल लावून ऑपरेशन थिएटरला जाऊ? तिथल्या सिस्टर मला तिथेच टेबलावर झोपवतील."

दारातल्या मुली फिसकन हसल्या. शाल्मलीही हसली, पण ओठांनीच.

सासूबाई म्हणजे भिंत. शिरवण्याच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाला साठ वर्षं झाली होती आणि त्यातली निदान पन्नास बुरशीत गेली होती. घाटमाथ्यावरचं गाव. पावसाळ्यात ढग खिडकीतून आत यायचे, गादीवर बसायचे, उठायचेच नाहीत. चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, देवाच्या तसबिरीमागे हिरवी-काळी लव उगवायची. दोन हजार अडतीस सालच्या महापावसानंतर तर एका वर्षात अकरा मुली दम्याची औषधं घ्यायला लागल्या. मग डागडुजीचं काम निघालं आणि इमारतीला आतून जिवंत लेप लागला.

लेप दिसायला साध्या फिक्या डिस्टेंपरसारखा. पण त्यात मातीतून निवडून, पोसून, थोडेफार बदलून घेतलेले जिवाणू होते. बुरशीचे बीजाणू तर हवेत सगळीकडे असतातच. त्यांना हवी असते ती भिंतीवर दोन-तीन दिवस टिकणारी ओल. ती मिळाली की ते रुजतात. हे जिवाणू त्यांच्या आधी जागा अडवून बसत. बीजाणूने कोंब काढला रे काढला की त्याची कातडी विरघळवणारा रस सोडत आणि त्यालाच खाऊन जगत. जगताना ते अगदी क्षीण अशी वीज सोडायचे. भिंतीत गाडलेल्या बारीक तारांना ती कळायची आणि व्हरांड्यातल्या बोर्डावर प्रत्येक भिंतीचा दिवा लागायचा. तब्येत ठीक असेल तर हिरवा, कुरकुर असेल तर पिवळा, मेली तर लाल.

मात्र भिंतीचे नखरे फार. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या वर गेलेला तिला खपत नसे. म्हणून मृगापासून नवरात्रापर्यंत सगळ्या खिडक्या रबर लावून कायमच्या बंद. हवा यायची ती गच्चीवरच्या यंत्रातून, वाळवून, पत्र्याच्या पाइपातून. आत कपडे वाळत घालायचे नाहीत. चहा करायचा नाही. एक माणूस नुसतं झोपलं तरी तासाला चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतं; इथे चौऱ्याऐंशी मुली झोपत होत्या. त्यामुळे केस धुवायच्या पाळ्या, अंघोळीला पाच मिनिटं, आणि आजारी मुलीची वाफ घ्यायची सोय बाहेरच्या शेडमध्ये. पहिल्या पावसाळ्यात मुलींनी त्याची थट्टा केली. दुसऱ्या पावसाळ्यात त्या एकमेकींच्या केसांचा वास घेऊ लागल्या. मागच्या पंधरवड्यात तर खोली नऊमधल्या दोघींचं बोलणं बंद झालं होतं, कारण एकीने घरची आठवण येऊन रात्रभर रडून उशी भिजवली होती.

शाल्मलीला हे सगळं दिसत होतं. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी होती तिच्याकडे; माणसांना पेट्रीडिशमध्ये ठेवल्यासारखं झालंय, हेही तिला कळत होतं. तरी मार्चमध्ये रेक्टरच्या जागेची जाहिरात आली तेव्हा तिने पगाराचा आकडासुद्धा वाचला नव्हता. 'इमारत बुरशीमुक्त आहे' एवढंच वाचलं होतं.

खाली ओहोळाकाठच्या सासरच्या घरात निहारला दोनदा न्यूमोनिया झाला होता. दुसऱ्या वेळी बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची, प्रत्येक श्वासाला. नवरा सुबोध जहाजाच्या इंजिनखोलीत, कुठल्यातरी समुद्रावर. दहा दिवसांनी कधीतरी फोन लागायचा. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. तिने जागा बदलली. वसतिगृहाच्या तळमजल्यावर, चौदा नंबरला लागून, रेक्टरच्या दोन खोल्या. बाळाला सांभाळायला सासू आली. आणि साडेतीन महिन्यांत निहार एकदाही खोकला नव्हता.

म्हणून ती खिडकीच्या रबरावरून रोज बोट फिरवायची. कुठे फट तर नाही ना. बाहेर जायची वाट शोधणारी माणसं असतात; ती आत राहायची वाट धरून बसली होती, आणि दिवसेंदिवस तिला श्वास कमी पडत होता तो तिचा स्वतःचा.

सोमवारी बोर्डावर लाल दिवा लागला. खोली चौदा आणि रेक्टरची खोली यांच्यामधली सामाईक भिंत.

लेप लावणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर धुमाळ दुपारपर्यंत जीप घेऊन हजर. हातात ओलावा मोजायचं यंत्र, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांनी शाल्मलीला दारातूनच विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे काही वाफ, काही गळती?"

"आमच्याकडे काही नाही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

चौदा नंबरात मात्र मंजुळा झोरेच्या कॉटखाली घोंगडं सापडलं. ओलं. पिळलं असतं तर बादलीभर पाणी निघालं असतं. मंजुळा वरच्या धनगरवाड्यावरची; रविवारी घरी जाऊन सोमवारी पहाटे दोन तास रान तुडवत, घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन ती परत यायची.

"दर सोमवारी शेडमध्ये टांगते, सर. आज शेडला कुलूप होतं. ड्युटी सातची होती." ती मान खाली न घालता सांगत होती.

"एक घोंगडं म्हणजे तीन लिटर पाणी," धुमाळ प्राचार्या दळवींना म्हणाले. "भिंतीचा जीव गेलाय, मॅडम. करारात आहे. दोष ज्या खोलीचा, ती खोली पावसाळा संपेपर्यंत बंद. राहणारा बाहेर. ही सवलत एकाला दिली की सगळ्या इमारतीचा लेप जातो."

मंजुळाच्या खोलीतली दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवरच्या बहिणीकडे गावी होती. उरली मंजुळा. शेवटचं वर्ष, महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात प्रसूती विभागातली ड्युटी. वाड्यावरून रोज चार तासांची पायपीट, तीही या पावसात. एक हजेरी चुकली की सत्र वाया.

"शनिवारपर्यंत मुदत देते," दळवी मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना त्र्याऐंशी मुलींची फुप्फुसं दिसत होती.

मंगळवारी सकाळी शाल्मलीने कपाट सरकवलं. एवढ्यासाठीच की धुमाळ पलीकडून भिंत खरवडताना आपल्या बाजूने धूळ येऊ नये म्हणून फडकं लावावं. कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर वर, बुरशीचा काळा डाग होता. ताटाएवढा. गोल. इतका गोल की ती हातातलं फडकं ठेवून खाली बसली.

कॉलेजात असताना ती असे गोल शेकड्यांनी मोजत असे. जिवाणूंची साय धरलेल्या बशीत मधोमध औषध लावलेला कागदाचा कपटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कपट्याभोवती स्वच्छ कडं पडलेलं दिसायचं; तिथले जिवाणू मेलेले. ओलं घोंगडं कॉटच्या लांबीने डाग पाडेल. गोल डागाच्या मध्यभागी काहीतरी ठेवलेलं असतं.

"आई," तिने हाक मारली. "तुम्ही निहारला धुरी कुठे देता?"

सासू पदराला हात पुसत आली. "थंयच की. त्या कोपऱ्यात. वारो लागाचो नाय म्हणान."

"रोज?"

"आंघोळ झाली की धुरी नको पोराक? मगे सर्दी व्हयत नाय?" त्यांनी कपाटाच्या खणातून मातीचं धुपाटणं काढून दाखवलं. निखारे त्या मागच्या अंगणातल्या पाण्याच्या बंबातून आणत. वर धूप, लसणीची सालं, वावडिंग. "आणि ओवो. मूठभर."

मूठभर ओवा, रोज, बंद खोलीत, साडेतीन महिने. ओव्यात थायमॉल असतं. तापलं की वाफ होऊन उडतं आणि गार भिंतीवर जाऊन बसतं. जिवाणू मारायला दातांच्या औषधातसुद्धा घालतात. लेप बनवणाऱ्यांनी त्याच्यावर सांडपाणी, साबण, फिनेल, सिगारेट, सगळं करून बघितलं असणार. बाळाला धुरी द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नसणार. आणि शाल्मलीच्याही आलं नव्हतं. रोज सकाळी राउंडवरून परत येताना तो वास आला की तिला बरं वाटायचं, एवढंच.

"काय झाला गो? तोंड कित्याक उतरला?"

तिने सांगितलं. सासूने डागाकडे बघितलं, धुपाटण्याकडे बघितलं.

"माका काय म्हायती, तुमची भिंत जिती आसा ती! इतकी शिकलेली माणसां, आणि मूठभर ओव्यान मरतली अशी भिंत बांधली?" मग आवाज उतरला. "कोणाक सांगू नको. गप रव. पोर तुझा, त्या धनगरणीचा नाय."

शाल्मलीने कपाट परत लावलं.

बुधवारी तिने काही सांगितलं नाही. गुरुवारी मंजुळा तिच्याकडे आली. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक अर्ज लिहून द्याल? सोमवारी शेडला कुलूप होतं एवढंच लिहा. ते तर खरंय."

"बघते," शाल्मली म्हणाली.

मंजुळाचं लक्ष आत रांगणाऱ्या निहारकडे गेलं. तिने बसून त्याची छाती दोन क्षण निरखली. हौसेने नाही, शिकलेल्या नजरेने. "छान श्वास घेतोय. आला होता तेव्हा नाकपुड्या फुलायच्या. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

ती गेल्यावर शाल्मली खिडकीशी उभी राहिली. काचेपलीकडे ढग काचेला नाक लावून होता. सांगितलं तर दोष या खोलीचा. ही खोली दिवाळीपर्यंत बंद. रेक्टरने इमारतीत राहिलं पाहिजे ही अट, म्हणजे नोकरीही गेली. मग ओहोळाकाठचं घर. ते घर ती डोळे मिटून बघू शकत होती: माजघराची डावी भिंत, तिच्यावर फुगून आलेला चुना, पाळण्यामागे उगवणारी हिरवी रांगोळी. नाही सांगितलं तर मंजुळा. दोन्हीकडे भिंतच. दार नावाची वस्तू कुठे दिसेना.

शुक्रवारी धुमाळ आले तेव्हा तिने त्यांना आत बोलावलं आणि कपाट स्वतः सरकवलं.

"ओवा?" धुमाळ हसले. मग खाली वाकून डाग पाहिला, यंत्र टेकवलं, आणि हसायचे थांबले. उकिडवेच बसून त्यांनी यंत्र पुन्हा एकदा टेकवलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मॅडम, ओवा नसलेलं एक घर मला देशात दाखवा. पुढच्या महिन्यात साडेतीनशे वसतिगृहांचं काम मंजूर होतंय. त्यात मी काय लिहू? आमचा लेप बाळाच्या धुरीने मरतो?"

"खरं आहे ते लिहा."

"घोंगडं ओलं होतं, हेही खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय." ते उठले, गुडघे झटकले. आवाज मऊ होता, आणि तिला त्याचीच भीती वाटली. "तुमची बाजू मी आतून खरवडून देतो. चार दिवसांत नवा लेप. अहवालात तुमची खोली येणारच नाही. तुम्ही फक्त धुरी बंद करा. बाळाची तब्येत सुधारलीय ना इथे?"

"हो."

"मग?"

तिने डागाशेजारची भिंत चाचपली; हाताला ओल लागली. "पण इतकं पाणी या भिंतीत येतं कुठून? लेप मेला तरी भिंत कोरडी असती तर बुरशी आलीच नसती."

"डोंगरातून येतं. जोत्याखाली झरा आहे. वळवायचा तर मागचं अंगण पुरुषभर खणायचं, इमारत दोन वर्षं रिकामी ठेवायची. कोण करणार? म्हणून तर लेप." धुमाळांनी यंत्राची पेटी बंद केली. "आता पाण्याकडे कुणी बघायची गरजच उरली नाही, मॅडम. हाच तर शोध आहे."

त्या दिवशी तिने निहारचा श्वास सतरा वेळा मोजला. सतराही वेळा आकडा चांगला आला.

शनिवारी संध्याकाळी सहाला जेवणघरात हजेरी. दळवी मॅडम खुर्चीवर, धुमाळ दाराशी चहाचा कप घेऊन. मंजुळा शेवटच्या रांगेत, पायाशी पत्र्याची पेटी. शाल्मलीच्या हातातल्या यादीवर तिच्या नावावरून लाल रेघ ओढलेली होती.

"खोली बारा. प्रांजल शिरोडकर."

"हजर."

"खोली चौदा. मंजुळा झोरे."

कुजबुज झाली. दळवी मॅडम पुढे झुकल्या. "शाल्मली, ते नाव कमी केलंय."

"ते परत घाला, मॅडम. भिंत तिने मारलेली नाही. माझ्या खोलीत मेलीय, माझ्या बाजूने." तिने यादी टेबलावर ठेवली. "माझ्या बाळाला आम्ही रोज ओव्याची धुरी देतो. ओव्याने लेप मरतो. डाग कपाटामागे आहे. आत्ता चला, दाखवते. सरांनी कालच पाहिलाय."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. धुमाळांनी कप खाली ठेवला. "मॅडमवर ताण आहे. लहान बाळ आहे…"

"धुमाळ, डाग आहे की नाही?" दळवी मॅडमनी विचारलं.

धुमाळांनी व्हरांड्याकडे पाहिलं. इतक्या मुलींसमोर 'नाही' म्हणायचं तर कपाट चार पावलांवर होतं.

दळवी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शाल्मली, याचा अर्थ कळतोय ना तुला? नियम मी एकीला लावला आणि दुसरीला नाही, असं मला करता येणार नाही." मग जरा थांबून, हळू: "जायला घर आहे ना?"

"आहे. ओलं आहे."

कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मंजुळा पेटी तिथेच ठेवून पुढे आली. शाल्मलीला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल आणि आपल्याला रडू येईल.

"तुम्हाला कधी कळलं, मॅडम?"

"मंगळवारी."

"आज शनिवार." मंजुळाचा आवाज चढला नाही. "काल मी घोंगडं बंबात घातलं. कापून. दळवी मॅडमना दाखवायला, की आता परत आणणारच नाही म्हणून. माझ्या बाचं होतं ते. तो गेल्यावर तेवढंच घेतलं होतं मी." "मंगळवारी सांगितलं असतंत."

मंजुळाने उत्तराची वाट पाहिली नाही. ती पेटी उचलून चौदा नंबरकडे गेली, आणि थोड्या वेळाने प्रांजल उठून, पेटीचा दुसरा कान धरायला तिच्यामागे गेली.

रविवारी दुपारी कॉलेजच्या जीपने त्यांना खाली सोडलं. घर आठवणीपेक्षा वाईट होतं. साडेतीन महिने बंद. दार उघडताच वास अंगावर आला, ओल्या कुत्र्यासारखा. सासूने चूल पेटवली, निहारला सगळ्यांत आतल्या, त्यातल्या त्यात कोरड्या खोलीत निजवलं. शाल्मली माजघराच्या डाव्या भिंतीसमोर उभी राहिली. दर वर्षी दसऱ्याला या भिंतीला चुना लागायचा आणि दर जुलैत तो फुगून गळायचा. कुणी कधी आत बघितलं नव्हतं. तिनेही नाही.

पडवीतून तिने हातोडा आणि छिन्नी आणली. पहिला घाव घातला तसा चुन्याचा पापुद्रा ढासळून पायावर पडला. दुसरा, तिसरा. चिऱ्यांमधली माती बोटाने दाबली तर लोण्यासारखी आत गेली.

सासू धावत आली. "अगो, खुळावलंस काय? पावसात कोण भिंत फोडता?"

"पाणी पावसातच दिसतं, आई. कंदील धरा जरा. कुठून येतंय ते बघायचंय."

"आणि घर बसला तर?"

"नाही बसणार. चिरा हलवत नाही मी. नुसती वाट शोधतेय." तिने घामाने चिकटलेले केस मनगटाने मागे सारले. "डोंगराच्या बाजूने येत असेल तर बाहेरून चर खणायचा. पागोळीचं असेल तर पन्हळ. काही का असेना, पण आधी कळू दे."

सासूने कंदील आणला. कुरकुरत आणला, पण धरला नीट, घावाच्या अगदी जवळ. जोत्याच्या वर वीतभर, दोन चिऱ्यांच्या सांध्यात काहीतरी चमकलं. शाल्मलीने छिन्नी तिरकी लावून सांधा उकरला. आतून पाण्याची बारीक धार निघाली, करंगळीएवढी, आणि शांतपणे तिच्या पायांवरून जमिनीवर वाहू लागली.

आतल्या खोलीत निहार खोकला. एकदा. मग पुन्हा एकदा.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूने कंदील खुंटीला अडकवला आणि आत गेली. "हंय आसय रे, बाळा, हंय आसय," असा तिचा आवाज आला. शाल्मलीने कान तिकडेच ठेवून छिन्नी पुढच्या सांध्यावर टेकवली आणि घाव घातला.